धागा: मिंटवर तीन दुखणी एकदम: मशीन गोठतं, बूटला तीन मिनिटं, पडदा १०२४×७६८ वर अडकलेला

नवा_पेंग्विन

लिनक्स मिंट २१.३, सिनॅमन (खिडक्या आणि मेनू दाखवणारा भाग). डेस्कटॉप, इंटेलचा चौथ्या पिढीचा आय३, अंगभूत ग्राफिक्स, ४ जीबी रॅम, २४० जीबी एसएसडी. मॉनिटर १९२०×१०८० चा, व्हीजीए केबलने जोडलेला.

तक्रारी अशा:
१. ब्राउझरमध्ये आठ-दहा टॅब झाले की सगळं गोठतं. माऊसचा बाणसुद्धा हलत नाही, एसएसडीचा दिवा सलग पेटलेला राहतो.
२. बटण दाबल्यापासून डेस्कटॉप दिसेपर्यंत जवळजवळ तीन मिनिटं.
३. डिस्प्ले सेटिंगमध्ये १०२४×७६८ हा एकच पर्याय आहे. खिडक्या सरकवताना चित्र अडखळतं.

रॅम वाढवावी, नवीन इन्स्टॉल करावं की ग्राफिक्स कार्ड घ्यावं, यातलं आधी काय करू?

---

टर्मिनलकर

यातलं काहीच आधी करू नका. आधी मोजमाप घेऊ. खालच्या सहा कमांडचं आउटपुट द्या. इथल्या रिवाजाप्रमाणे कमांड देवनागरीत लिहितोय. टर्मिनलमध्ये रोमन अक्षरं आणि इंग्रजी आकडे टाइप करा.

फ्री -एच
स्वॅपऑन --शो
सिस्टिमडी-अॅनालाइझ
कॅट /प्रॉक/सीएमडीलाइन
जीएलएक्सइन्फो -बी
एक्सरँडर

पाचवी कमांड सापडली नाही तर मेसा-यूटिल्स हे पॅकेज टाका. यातली एकही कमांड काही बदलत नाही, फक्त वाचून दाखवते. तेव्हा निर्धास्त चालवा. आणखी एक: इन्स्टॉल केल्यानंतर या डिस्कवर दुसरं काही टाकलं होतं का?

---

नवा_पेंग्विन

फ्री: एकूण ३.७ जीबी, वापरात २.८ जीबी, फ्री १६० एमबी, शेअर्ड ४२० एमबी, बफ/कॅश ७८० एमबी, अव्हेलेबल ३१० एमबी. स्वॅपच्या ओळीत तिन्ही रकान्यांत ०.

स्वॅपऑन: काहीच छापलं नाही.

सिस्टिमडी-अॅनालाइझ: फर्मवेअर ५.१ से. + लोडर ३२.४ से. + कर्नल ३६.९ से. + यूजरस्पेस १ मि. ३८.२ से. = २ मि. ५२.६ से.

सीएमडीलाइन: शेवटी 'क्वाएट स्प्लॅश नोमोडसेट'.

जीएलएक्सइन्फो: रेंडरर 'एलएलव्हीएमपाइप'.

एक्सरँडर: 'फेल्ड टू गेट साइझ ऑफ गॅमा फॉर आउटपुट डिफॉल्ट'. त्याखाली 'डिफॉल्ट कनेक्टेड १०२४×७६८', बाकी काही नाही.

हो, मधे शेजारच्या पार्टिशनवर दुसरं एक डिस्ट्रो (लिनक्सचा वेगळा प्रकार) बघायला टाकलं होतं, नंतर काढून टाकलं. स्वॅप पार्टिशन दोघांना एकच दिलं होतं. कालच्या बूटमध्ये काळा पडदा बघून अडकलं असं वाटलं, म्हणून पॉवर बटण दाबून बंद केलं. वरचे आकडे त्यानंतरच्या बूटचे आहेत.

---

टर्मिनलकर

मग तीन दुखण्यांमागे मुळात दोनच ओळी चुकलेल्या आहेत. एक एफएसटॅबमधली (बूटच्या वेळी कोणती पार्टिशनं जोडायची त्या यादीतली) स्वॅपची ओळ, दुसरी ग्रबमधलं (बूट सुरू करून देणाऱ्या प्रोग्रॅममधलं) नोमोडसेट. स्वॅप म्हणजे रॅम कमी पडली की वापरायची डिस्कवरची जागा. मशीन गोठणं आणि उशिरा बूट होणं, ही दोन्ही पहिल्या ओळीची देणगी. पडदा दुसरीची. रॅम, कार्ड, नवीन इन्स्टॉल यातलं काहीही विकत घेतलं वा केलं असतं तरी या ओळी तशाच राहिल्या असत्या.

दुसऱ्या डिस्ट्रोच्या इन्स्टॉलरने ते स्वॅप पार्टिशन पुन्हा फॉरमॅट केलं. स्वॅप तयार करणारी एमकेस्वॅप ही कमांड दर वेळी नवीन यूयूआयडी (पार्टिशनचा ओळख क्रमांक) देते. तुमच्या मिंटच्या एफएसटॅबमध्ये अजून जुना यूयूआयडी आहे. त्या नावाचं डिव्हाइस आता अस्तित्वातच नाही, आणि सिस्टिमडी (बूटच्या वेळी सगळ्या सर्व्हिस सुरू करणारा प्रोग्रॅम) ते उगवण्याची ९० सेकंद वाट बघतं. तुमच्या १ मि. ३८ से. मधले ते ९० वजा करा, ८ सेकंद उरतात. म्हणजे मशीन मुळात चपळ आहे.

खात्रीसाठी: 'जर्नलसीटीएल -बी | ग्रेप -आय "टाइम्ड आउट"'. 'टाइम्ड आउट वेटिंग फॉर डिव्हाइस' आणि पुढे जुना यूयूआयडी दिसेल.

---

कर्नलवाचक

इथे बरेच जण फसतात म्हणून सांगते: 'सिस्टिमडी-अॅनालाइझ ब्लेम' मध्ये ही ९० सेकंदं दिसणार नाहीत. ब्लेम फक्त यशस्वीपणे सुरू झालेल्या युनिट्सचा वेळ दाखवतं. जे डिव्हाइस आलंच नाही, त्याची नोंद तिथे कशी असेल? मग लोक यादीतल्या पहिल्या सर्व्हिसला दोषी धरतात, ती बंद करतात आणि बूट तेवढंच राहतं.

कर्नलचे (लिनक्सच्या गाभ्याचे) ३६.९ सेकंद हाही त्याच यूयूआयडीचा प्रताप असणार. मिंट आणि उबुंटूच्या इनिटरॅमएफएसमध्ये (बूटच्या सुरुवातीला रॅममध्ये उघडली जाणारी छोटी फाइलसिस्टिम) हायबरनेटमधून परत येण्यासाठी स्वॅपचा यूयूआयडी वेगळा लिहिलेला असतो. तो सापडला नाही की सुमारे ३० सेकंद थांबून 'गेव्ह अप वेटिंग फॉर सस्पेंड/रिझ्यूम डिव्हाइस' असा संदेश येतो. या डिस्ट्रोंमध्ये इनिटरॅमएफएसचा वेळ वेगळा मोजला जात नाही, कर्नलच्या खात्यात जमा होतो. म्हणून कर्नल संथ भासतो.

लोडरचे ३२ सेकंद मात्र कालच्या पॉवर बटणाचे. ग्रब प्रत्येक बूटच्या सुरुवातीला 'रेकॉर्डफेल' अशी खूण करून ठेवतो, आणि बूट नीट पार पडलं की एक सर्व्हिस ती खूण पुसते. मधेच बंद केलं तर खूण राहते आणि पुढच्या वेळी मेनू ३० सेकंद थांबतो. एक बूट नीट झालं की ते आपोआप जाईल. ज्यांचं /बूट एलव्हीएमवर किंवा बीटीआरएफएसवर (डिस्कची जागा मांडण्याच्या वेगळ्या पद्धती) आहे, त्यांच्याकडे ग्रबला ही खूण तिथे लिहिता-पुसता येत नाही, त्यामुळे ३० सेकंद कायमचे चिकटू शकतात. त्यांनी /ईटीसी/डिफॉल्ट/ग्रबमध्ये 'ग्रब_रेकॉर्डफेल_टाइमआउट=३' अशी ओळ घालून 'सुडो अपडेट-ग्रब' चालवावं. ओळीतलं नाव सगळं कॅपिटलमध्ये.

---

टर्मिनलकर

आता स्वॅपची दुरुस्ती, याच क्रमाने:

१. 'सुडो ब्लकआयडी'. ज्या ओळीत टाइप स्वॅप आहे, तिचा यूयूआयडी कॉपी करा. जवळच पार्ट-यूयूआयडी नावाचा दुसरा क्रमांक असतो, तो नको.

२. 'सुडो सीपी /ईटीसी/एफएसटॅब /ईटीसी/एफएसटॅब.जुना'. ही प्रत चुकवू नका.

३. 'सुडो नॅनो /ईटीसी/एफएसटॅब'. स्वॅपच्या ओळीतला जुना यूयूआयडी काढून नवा टाका.

४. 'सुडो फाइंडएमएनटी --व्हेरिफाय'. रीबूट करण्याआधी फाइल तपासून देणारी ही कमांड फार कमी लोक वापरतात. यूयूआयडीत एक अक्षर जरी चुकलं, तरी इथेच कळतं.

५. 'सुडो सिस्टिमसीटीएल डीमन-रीलोड', मग 'सुडो स्वॅपऑन -ए', मग 'स्वॅपऑन --शो'. आता एक ओळ दिसलीच पाहिजे.

६. /ईटीसी/इनिटरॅमएफएस-टूल्स/कॉन्फ.डी/रिझ्यूम ही फाइल उघडा. हायबरनेट वापरत असाल तर तिथेही नवा यूयूआयडी, नसाल तर 'रिझ्यूम=नन', डावीकडचं कॅपिटल, उजवीकडचं लहान अक्षरांत. मग 'सुडो अपडेट-इनिटरॅमएफएस -यू -के ऑल'. ही शेवटची कमांड विसरली तर फाइल बदलूनही ३० सेकंद तसेच राहतात, कारण बूटच्या वेळी वाचली जाते ती आत गुंडाळलेली प्रत.

यापुढे दोन डिस्ट्रो एकत्र ठेवायची वेळ आली तर स्वॅप पार्टिशन सामायिक करू नका. प्रत्येकाला आपापली स्वॅप फाइल द्या. ईएक्सटी४ वर 'फॉलोकेट -एल ४जी /स्वॅपफाइल', 'सीएचमॉड ६००', 'एमकेस्वॅप', 'स्वॅपऑन', सगळं सुडोने. एफएसटॅबमध्ये फाइलचा पत्ता जातो, यूयूआयडी नाही, म्हणून हा घोळच उद्भवत नाही. बीटीआरएफएसवर हाच मार्ग चालत नाही. तिथे 'बीटीआरएफएस फाइलसिस्टिम एमकेस्वॅपफाइल' ही वेगळी कमांड आहे, साधनांच्या ६.१ आवृत्तीपासून.

---

रेवा_६४

स्वॅप आला की व्हीएम.स्वॅपीनेस १० करा. मूळची ६० असते, त्यामुळे रॅम शिल्लक असतानाच डिस्कवर लिहायला सुरुवात होते. एसएसडीही झिजते.

---

कर्नलवाचक

रेवा, हा सल्ला सगळीकडे वाचायला मिळतो, पण ४ जीबीच्या मशीनवर तो उलटतो. कारण समजावते, यातच गोठण्याचंही उत्तर आहे.

रॅममधली पानं ढोबळमानाने दोन जातींची. एक जात प्रोग्रॅमने स्वतः निर्माण केलेल्या डेटाची: टॅबमधला मजकूर, उलगडलेली चित्रं. याची डिस्कवर प्रत नसते, म्हणून ती फक्त स्वॅपमध्येच जाऊ शकतात. दुसरी जात फाइलींमधून आलेली: ब्राउझरचा स्वतःचा कोड, लायब्ररी, फॉन्ट. यांची प्रत डिस्कवर असतेच, म्हणून कर्नल ती सरळ टाकून देतो आणि लागली की परत वाचतो.

स्वॅप शून्य असेल तर पहिल्या जातीला हात लावता येत नाही. उरली दुसरी. मग कर्नल ब्राउझरचा चालू कोडच टाकून देतो, पुढच्या क्षणी प्रोसेसरला तोच कोड लागतो, तो एसएसडीवरून परत येतो, त्याला जागा करायला दुसरा कोड जातो. हे चक्र म्हणजे तुमचा सलग पेटलेला दिवा. माऊसचा बाण काढणारा एक्सऑर्गचा (पडदा चालवणाऱ्या प्रोग्रॅमचा) कोडही याच रांगेत असतो, म्हणून बाण थिजतो. आणि कर्नलला दर वेळी थोडी जागा मिळतच असते, त्यामुळे मेमरी संपली असं तो मानत नाही आणि ओओएम किलर (मेमरी संपली की एखादी प्रोसेस मारणारा कर्नलचा भाग) मिनिटंच्या मिनिटं गप्प राहतो.

स्वॅपीनेस म्हणजे 'किती टक्के रॅम भरल्यावर स्वॅप सुरू' हा आकडा नव्हे. स्वॅपमध्ये टाकणं आणि फाइलचं पान टाकणं यातलं महाग काय, हे कर्नलला सांगणारा तराजू आहे. १०० म्हणजे दोन्ही सारखेच. १० ठेवलं तर कर्नलला आपण सांगतो की स्वॅप फार महाग आहे, आधी कोड फेक. म्हणजे जे दुखणं घालवायचंय तेच परत बोलावलं. ६० राहू द्या. झीरॅम (रॅममध्येच दाबून ठेवलेला स्वॅप) लावला तर उलट १०० च्या वर न्यायचं, कर्नल ५.८ पासून २०० पर्यंत मुभा आहे.

---

रेवा_६४

हे नव्हतं माहीत. माझा वरचा सल्ला मागे घेते. मग अव्हेलेबल ३१० एमबी असताना गोठणं कसं?

---

कर्नलवाचक

३१० ही घेतलेल्या क्षणाची स्थिती आहे, एक जड टॅब ती सहज खातो. त्यांची ओळ बारकाईने बघा. फ्री १६० एमबी हा आकडा सोडून द्या. लिनक्स रिकामी रॅम कॅशला लावतोच, त्यामुळे फ्री नेहमी कमीच दिसणार. बफ/कॅश ७८० एमबी दिसतेय, पण ती सगळी सोडवता येत नाही. शेअर्डचे ४२० एमबी त्यातच मोजलेले आहेत. टीएमपीएफएस (रॅममध्येच ठेवलेल्या फाइली) आणि प्रोग्रॅमनी आपसात वाटलेली मेमरी कॅशमध्ये दिसते, पण स्वॅप नसेल तर तीही हलत नाही. म्हणजे खरोखर सोडवता येण्यासारखी कॅश ३६० एमबीच्या आसपास. अव्हेलेबलचा आकडा हे सगळं धरून काढलेला असतो, म्हणून तोच वाचायचा. कर्नल ३.१४ पासून तो कर्नलच देतो.

मशीन खरंच मेमरीपायी अडलंय का, हे नेमकं बघायचं तर 'कॅट /प्रॉक/प्रेशर/मेमरी'. दुसरी ओळ 'फुल'ची. त्यात एव्हीजी१० समोर २५ असेल तर गेल्या दहा सेकंदांतला पाव वेळ मेमरीची वाट बघण्यात गेला, आणि तेवढा वेळ कुणाचंच काम पुढे सरकलं नाही. निरोगी मशीनवर तो आकडा ० असतो. कर्नल ४.२० पासून ही सोय आहे.

---

मेघदूत

४ जीबीवर झीरॅम हवाच, असं माझं ठाम मत आहे. फेडोराने ३३ पासून तो आपणहून लावलेला असतो, मिंटमध्ये हाताने लावावा लागतो.

'सुडो एपीटी इन्स्टॉल झीरॅम-टूल्स'. मग /ईटीसी/डिफॉल्ट/झीरॅमस्वॅप या फाइलीत तीन ओळी: अल्गो=झेडएसटीडी, पर्सेंट=५०, प्रायॉरिटी=१००. नावं कॅपिटलमध्ये, समोरची पौंड खूण काढून. 'सुडो सिस्टिमसीटीएल रीस्टार्ट झीरॅमस्वॅप'.

५० टक्के म्हणजे १.९ जीबी रॅम लगेच अडकली असं नाही. तो फक्त कमाल आकार आहे, आणि रिकामा असताना झीरॅम जवळजवळ काहीच खात नाही. झेडएसटीडीने साधारण तीनास एक दाबलं जातं असं धरलं, तर १.९ जीबी पानं साधारण ६५० एमबीत मावतात. तुमच्याकडे प्रत्यक्षात किती दाबलं जातंय ते 'झीरॅमसीटीएल' दाखवतं: डेटा रकाना मूळ आकार, टोटल रकाना प्रत्यक्ष खर्च. झिप किंवा व्हिडिओसारखा आधीच दाबलेला डेटा असेल तर हे गुणोत्तर खाली येतं.

प्रायॉरिटी १०० असल्याने आधी झीरॅम भरतो, मग एसएसडीवरचा स्वॅप. यासोबत /ईटीसी/सिसीटीएल.डी मध्ये एक फाइल करून 'व्हीएम.स्वॅपीनेस=१३३' आणि 'व्हीएम.पेज-क्लस्टर=०' ठेवा. १३३ हा आकडा हवेतला नाही. कर्नलच्या दस्तऐवजात हिशोब दिलाय: स्वॅप फाइलसिस्टिमच्या दुप्पट वेगवान असेल तर दोनशेचे तीन भाग करून दोन भाग तिकडे. पेज-क्लस्टर ० कारण फिरत्या डिस्कसाठी शेजारची पानं एकदम वाचणं फायद्याचं असतं. झीरॅममध्ये त्याने नको असलेली पानं उगाच उलगडली जातात.

हायबरनेट झीरॅममध्ये होत नाही, त्याला डिस्कवरचा स्वॅपच लागतो.

---

टर्मिनलकर

मेघदूत यांच्याशी सहमत. सोबत 'अर्लीओओएम' हे पॅकेज टाका. अव्हेलेबल रॅम आणि शिल्लक स्वॅप दोन्ही १० टक्क्यांखाली गेले की ते सर्वांत जड प्रोसेसला बंद व्हायला सांगतं, ५ टक्क्यांखाली सरळ मारतं. एक टॅब गेलेला परवडतो, सगळं मशीन गेलेलं नाही.

आणि तोवर गोठलंच तर पॉवर बटण दाबू नका. आल्ट + सिसआरक्यू + एफ ही चावी ओओएम किलरला हाताने बोलावते. पण मिंट-उबुंटूत ती मुळात बंद असते: कर्नल.सिसआरक्यू १७६ असतो, म्हणजे १२८ + ३२ + १६, ज्यात फक्त रीबूट, डिस्क वाचनापुरती करणं आणि डेटा लिहून टाकणं एवढीच परवानगी आहे. प्रोसेस मारायची परवानगी ६४ ची. म्हणून /ईटीसी/सिसीटीएल.डी/१०-मॅजिक-सिसआरक्यू.कॉन्फमध्ये १७६ चे २४० करा. इंटरनेटवर ती सहा अक्षरांची रीबूटची मालिका सांगतात, तीही १७६ वर अर्धीच चालते: एस, यू, बी चालतात, आर, ई, आय चालत नाहीत.

---

पडदा

डिस्प्लेकडे वळू. नोमोडसेट म्हणजे ग्राफिक्स ड्रायव्हरला 'पडद्याला हात लावू नकोस' असं सांगणं. मग फर्मवेअरने बूटच्या वेळी जो आकार लावून दिला तोच राहतो. आउटपुटचं नाव 'डिफॉल्ट' दिसतंय, व्हीजीए-१ किंवा एचडीएमआय-१ नाही, हीच खूण. या अवस्थेत एक्सरँडरने कितीही नवे मोड घाला, काही उपयोग नाही, कारण खाली मोड बदलणारा कुणीच नाही.

आणि एलएलव्हीएमपाइप म्हणजे सिनॅमनचे सगळे परिणाम प्रोसेसर रंगवतोय. खिडकी सरकवताना अडखळतं ते त्यामुळे. सिनॅमन लॉगिनच्या वेळी 'हार्डवेअर अॅक्सिलरेशनशिवाय चालू आहे' अशी सूचनाही देतो. ती बहुधा बंद करून टाकली असेल.

हे नोमोडसेट कुठून आलं? पेनड्राइव्हवरून कम्पॅटिबिलिटी मोडने बूट केलं होतं का, की कुठल्या धाग्यावर वाचून ग्रबमध्ये लिहिलं?

---

नवा_पेंग्विन

इन्स्टॉल करताना काळा पडदा आला होता, तेव्हा वाचून लिहिलं. काढायचं असतं हे ठाऊक नव्हतं.

---

पडदा

तो तात्पुरता उपाय आहे, आत शिरून खरा ड्रायव्हर लावता यावा म्हणून. इंटेल आणि एएमडीचा ड्रायव्हर कर्नलमध्येच असतो, त्यांना तो कायम ठेवायचं काही कारण नाही.

लगेच फाइल बदलू नका. आधी एका बूटपुरतं करून बघा. बूट होताना एस्केप दाबून ग्रबचा मेनू आणा, मिंटच्या ओळीवर ई दाबा. 'लिनक्स' शब्दाने सुरू होणारी ओळ शोधा, तिच्या शेवटचं नोमोडसेट खोडा, आणि सोबत क्वाएट स्प्लॅशही खोडा म्हणजे काही बिघडलं तर संदेश दिसतील. कंट्रोल + एक्स किंवा एफ१०. हा बदल कुठेही जतन होत नाही, पडदा काळा आला तर पुढच्या बूटला जुनं परत.

नीट आलं तर /ईटीसी/डिफॉल्ट/ग्रबमधून नोमोडसेट काढा आणि 'सुडो अपडेट-ग्रब'. रीबूटनंतर /प्रॉक/सीएमडीलाइन पुन्हा वाचा. फेडोरावाल्यांसाठी 'सुडो ग्रबी --अपडेट-कर्नल=ऑल --रिमूव्ह-आर्ग्ज=नोमोडसेट'.

काळाच आला तर पुन्हा नोमोडसेटने आत या आणि 'सुडो जर्नलसीटीएल -के -बी -१' मध्ये डीआरएम, आय९१५ आणि फर्मवेअर हे शब्द शोधा. -१ म्हणजे मागचं, फसलेलं बूट. मिंटचा कर्नल जुना आणि हार्डवेअर नवं असेल तर अपडेट मॅनेजरमधून नवा कर्नल लावल्यावर बहुतेकदा सुटतं.

एनव्हिडियावाल्यांसाठी वेगळं: तिथे खासगी ड्रायव्हर लागेपर्यंत नोमोडसेट लागू शकतं, लागल्यावर काढायचं. ड्रायव्हर टाकूनही एलएलव्हीएमपाइपच दिसत असेल तर 'मॉकयूटिल --एसबी-स्टेट' बघा. सिक्युअर बूट चालू असेल आणि इन्स्टॉलच्या वेळी विचारलेली किल्ली पुढच्या बूटच्या निळ्या पडद्यावर नोंदवली नसेल, तर कर्नल ते मॉड्यूल आत घेतच नाही.

---

नवा_पेंग्विन

सगळं केलं. आताचे आकडे: फर्मवेअर ५.१ + लोडर २.४ + कर्नल ६.६ + यूजरस्पेस ८.४ = २२.५ सेकंद. स्वॅपऑनमध्ये झीरॅम आणि पार्टिशन दोन्ही दिसतात. बारा टॅब उघडून बघितले, प्रेशरची फुल ओळ ० वर आहे. जीएलएक्सइन्फो आता इंटेल एचडी ४४०० दाखवतं, खिडक्या गुळगुळीत सरकतात.

पण पडदा अजून १०२४×७६८! आउटपुटचं नाव मात्र व्हीजीए-१ झालंय. यादीत १०२४×७६८, ८००×६००, ८४८×४८०, ६४०×४८० एवढेच.

ब्लेममध्ये नेटवर्कमॅनेजर-वेट-ऑनलाइन ६ सेकंदांनी सर्वांत वर आहे. ते बंद करू का?

---

कर्नलवाचक

आधी 'सिस्टिमडी-अॅनालाइझ क्रिटिकल-चेन ग्राफिकल.टार्गेट' बघा. त्या साखळीत ते नाव नसेल तर ते बाजूला समांतर चाललंय, डेस्कटॉपला अडवत नाही, बंद करून काही मिळणार नाही. साखळीत असेल आणि एफएसटॅबमध्ये नेटवर्कवरचं कुठलंही फोल्डर जोडलेलं नसेल, तर खुशाल डिसेबल करा.

---

पडदा

ही चार नावांची यादी ओळखीची आहे. मॉनिटरने आपली ओळख सांगितलीच नाही, की कर्नल हे मोजके सुरक्षित मोड देतो. ओळख म्हणजे ईडीआयडी, १२८ बाइटचा एक तुकडा. तपासा:

कॅट /सिस/क्लास/डीआरएम/कार्ड०-व्हीजीए-१/ईडीआयडी | डब्ल्यूसी -सी

उत्तर १२८ किंवा २५६ यायला हवं. ० आलं तर केबल. व्हीजीएच्या १५ पिनांपैकी १२ आणि १५ क्रमांकाच्या पिनांवरून ही माहिती येते. अनेक केबलींमध्ये त्या तारा जोडलेल्याच नसतात, किंवा पिन वाकून आत गेलेली असते. रंग ज्या तारांतून जातात त्या वेगळ्या, म्हणून चित्र अगदी स्वच्छ दिसतं आणि केबलवर कुणाचा संशय जात नाही.

---

नवा_पेंग्विन

० आलं. केबल काढून बघितली, १२ क्रमांकाच्या जागी पिनच नाही.

---

पडदा

मिळालं. बोर्डला आणि मॉनिटरला दोन्हीकडे एचडीएमआय किंवा डीव्हीआय असेल तर तीच केबल घ्या, व्हीजीएपेक्षा अक्षरं धारदार दिसतील. केबल येईपर्यंत मोड हाताने घालता येतो:

एक्सरँडर --न्यूमोड १०८०पी १४८.५ १९२० २००८ २०५२ २२०० १०८० १०८४ १०८९ ११२५ +एचसिंक +व्हीसिंक
एक्सरँडर --अॅडमोड व्हीजीए-१ १०८०पी
एक्सरँडर --आउटपुट व्हीजीए-१ --मोड १०८०पी

सगळीकडे 'सीव्हीटी १९२० १०८० ६०' चालवून येणारी ओळ वापरायला सांगतात. ती १७३ मेगाहर्ट्झची येते. चालते, पण एलसीडी मॉनिटर व्हीजीएवर प्रमाणित वेळापत्रक ओळखतो आणि ते १४८.५ चं आहे: २२०० × ११२५ × ६०. १७३ वर बऱ्याचदा चित्र एका बाजूला सरकतं किंवा अक्षरांभोवती सावली दिसते. मोड लागल्यावर मॉनिटरचं ऑटो बटण एकदा दाबा.

मॉनिटरवर 'आउट ऑफ रेंज' आलं तर घाबरू नका, कंट्रोल + आल्ट + एफ३ ने टेक्स्ट पडद्यावर जाऊन रीबूट करा. एक्सरँडरचे बदल लॉगआउटबरोबर पुसले जातात.

हे सगळं एक्स११ साठी (पडद्यावर चित्र काढण्याची जुनी पद्धत, एक्सऑर्ग तिचाच), आणि मिंट २१.३ चा नेहमीचा सिनॅमन एक्स११ वरच आहे. वेलँडवर (तिच्या जागी आलेली नवी पद्धत) एक्सरँडर फक्त वाचून दाखवतो, बदलत नाही. तिथे ग्रबच्या ओळीत 'व्हिडिओ=व्हीजीए-१:१९२०एक्स१०८०@६०' असा पॅरामीटर द्यावा लागतो. आपण कशावर आहोत ते 'एको $एक्सडीजी_सेशन_टाइप' सांगतं, नाव कॅपिटलमध्ये.

---

रेवा_६४

माझ्या १४ इंची १९२०×१०८० लॅपटॉपवर सिनॅमनमध्ये १२५ टक्के स्केल लावलं की पंखा फिरायला लागतो. तेही सॉफ्टवेअर रेंडरिंगच का? जीएलएक्सइन्फोमध्ये तर इंटेल येतंय.

---

पडदा

नाही, ते वेगळं. एक्स११ वर सव्वापट असं थेट काढता येत नाही. डेस्कटॉप आधी दुप्पट आकारात काढला जातो आणि मग आकसून पडद्यावर बसवला जातो. १२५ टक्क्यांना तुमचा पडदा कामापुरता १५३६×८६४ होतो, त्याचा दुप्पट ३०७२×१७२८. एका फ्रेमला ८.३ एमबीऐवजी २१.२ एमबी लागतात, तेही सेकंदाला साठ वेळा, आणि अंगभूत ग्राफिक्स ही जागा तुमच्या रॅममधूनच घेतं.

स्केल १०० टक्क्यांवर आणा आणि फॉन्टच्या सेटिंगमध्ये 'टेक्स्ट स्केलिंग फॅक्टर' १.२५ करा. अक्षरं तेवढीच मोठी होतात, फ्रेम मूळ आकाराची राहते. चिन्हं आणि बटणं थोडी लहान दिसतील, पॅनेलची उंची वाढवून ते भरून निघतं.

---

रेवा_६४

केलं. पंखा शांत झाला, अक्षरंही जास्त स्पष्ट वाटतात.

---

नवा_पेंग्विन

१०८०पी लागला, ऑटो बटणाने चित्र बरोबर मधे आलं. पण रीबूट केलं की परत १०२४, आणि लॉगिनचा पडदा तर कायमच १०२४ दिसतो.

---

पडदा

त्या कमांड लॉगिननंतर चालतात, लॉगिनचा पडदा त्याआधीचा. दोन्हीकडे लागू व्हायचं तर एक्सऑर्गलाच सांगा, तो लॉगिनच्या पडद्याआधी सुरू होतो. /ईटीसी/एक्स११/एक्सऑर्ग.कॉन्फ.डी हे फोल्डर नसेल तर बनवा, त्यात १०-व्हीजीए.कॉन्फ या फाइलीत पाच ओळी:

सेक्शन "मॉनिटर"
आयडेंटिफायर "व्हीजीए-१"
मोडलाइन "१०८०पी" १४८.५ १९२० २००८ २०५२ २२०० १०८० १०८४ १०८९ ११२५ +एचसिंक +व्हीसिंक
ऑप्शन "प्रिफर्डमोड" "१०८०पी"
एंडसेक्शन

आयडेंटिफायरमधलं नाव एक्सरँडर दाखवतो तसंच, अक्षरन् अक्षर. तुमच्याकडे मोडसेटिंग ड्रायव्हर आहे म्हणून मधे आडवी रेघ आहे. कुणी जुना इंटेलचा एक्सऑर्ग ड्रायव्हर लावला असेल तर तेच नाव रेघेशिवाय येतं, आणि मग ही फाइल एकही चूक न दाखवता निकामी पडून राहते.

फाइलीत चूक होऊन ग्राफिकल पडदा आलाच नाही तर कंट्रोल + आल्ट + एफ३, लॉगिन, 'सुडो आरएम' ने ही फाइल काढा, 'सुडो सिस्टिमसीटीएल रीस्टार्ट लाइटडीएम'. नवीन केबल आली की आधी डब्ल्यूसीने १२८ येतंय का बघा, आणि आलं की ही फाइल काढून टाका, नाहीतर मॉनिटर बदलल्यावर हाच मोड त्याच्यावरही लादला जाईल.

---

नवा_पेंग्विन

लॉगिनपासून १९२०×१०८० आला. फाइलीच्या वरच्या ओळीत पौंड खूण घालून 'केबल बदलल्यावर काढणे' असं लिहून ठेवलंय. /ईटीसी/डिफॉल्ट/ग्रबमध्येही आता फक्त क्वाएट स्प्लॅश.